नारळ फोडणारा शिपाई

चहा घ्या आधी, गार होईल. फजिती कुठं पळून जात नाही, आणि ही तर माझी स्वतःची आहे, अगदी घरची! फक्त एक सांगून ठेवतो. ऐकताना मध्येच तुम्हाला वाटेल, हा माणूस फजिती सांगतोय की बढाई मारतोय? तर दोन्ही! अशी फजिती करायलासुद्धा अंगात कला लागते राव.

गोष्ट जुनी, सत्तर सालाच्या आसपासची. आम्ही वेसाव्याचे कोळी. वडिलांची होडी भावाकडे गेली आणि मी अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर झालो. बायको हिरा बाजारात मासळी विकायची. आणि आमची एकुलती एक सुलू अंधेरीच्या कॉन्व्हेंटमध्ये! आमच्या आळीतली पहिली मुलगी. ती इंग्रजी कविता म्हणायची आणि मी ओटीवर बसून मान डोलवायचो. अक्षर कळायचं नाही, पण मान जोरात डोलायची.

तिच्या वर्गाची ख्रिसमसची पार्टी दर वर्षी वेगळ्या मुलीच्या घरी व्हायची. त्या वर्षी त्यांच्या मिसना बहिणीनं परदेशातून एक कार्ड पाठवलं होतं. कार्डावर लाकडी शिपाई. लाल कोट, उंच टोपी, पांढऱ्या मिशा आणि हे एवढाले दात. पाठीमागचा दांडा उचलला की तोंड उघडणार, तोंडात अक्रोड ठेवायचा, दांडा दाबला की कडाक! नटक्रॅकर म्हणतात त्याला. मिसनी ठरवलं, यंदाची पार्टी या शिपायाची. मुलींनी तशा टोप्या घालून यायचं, अक्रोड फोडून खायचे, नाचायचं. घर कोणाचं? सुलूनं हात वर केला.

"आमचं. आमचं अंगण मोठं आहे."

अंगण मोठं होतंच हो. पण डिसेंबरात कोळ्याचं अंगण म्हणजे काय असतं? काठ्यांच्या ओळीवर ओळी, आणि त्यांवर सुकत घातलेले बोंबील! वर्गात एक रेखा होती, बंगल्यात राहणारी. ती पटकन म्हणाली, "ई! तिथे? म्हणजे नाकाला रुमाल लावून केक खायचा?"

सगळा वर्ग हसला.

सुलू घरी आली ती रडली नाही, चिडली नाही. जेवताना खाली मान घालून एवढंच म्हणाली, "बाबा, त्या दिवसापुरते बोंबील दुसरीकडे ठेवता येतील का?"

तुम्हाला सांगतो, मी हातातला घास तसाच खाली ठेवला. मी भरल्या ताटावर शपथ घेतली. "सुलू, त्या दिवशी आपल्या अंगणात मासळीचा वास आला, तर बापाचं नाव लावणार नाही!"

हिरा भडकली. "ऐन मोसमात बोंबील हलवायचं? डोकं फिरलंय काय तुमचं?"

पण नंतर तिनंच काठ्या उपटल्या. बोंबील भावाच्या अंगणात गेले, पाट्या गेल्या, जाळी गेली. मी अंगणाला शेण सारवलं, वर फिनेल शिंपडलं, धूप घातला. ओटीवरच्या मांजरालासुद्धा अंघोळ घातली! महिनाभर घरात मासळी शिजली नाही. कोळ्याच्या घरात महिनाभर वरण-भात! आजूबाजूचे विचारायला आले, कोण आजारी आहे का म्हणून.

झालं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी हुशार ठरलो असतो. पण मी थांबणारा माणूस आहे का?

सुलूनं ते कार्ड दोन दिवसांसाठी घरी आणलं होतं. मी ते बघत बसलो. शिपाई ख्रिसमसच्या झाडाशेजारी उभा. झाड केवढं? झाडाएवढं! मग शिपाई केवढा? चांगला पुरुषभर उंच असणार. बरोबर की नाही? चित्रात माप कुठं लिहिलेलं असतं?

मी ठरवलं, हा शिपाई आपण करायचा. सुलूला न सांगता. रेखाच्या बंगल्यात नसेल असा!

थेट धर्माकडे गेलो. धर्मा माझा लंगोटीयार, होड्या बांधणारा सुतार. त्याच्या हातची होडी समुद्रात हललेली कोणी पाहिली नाही. त्यानं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"एवढा मोठा गडी नि तोंडात घालणार काय? अक्रोड?" धर्मा म्हणाला. "अरे, अक्रोड तर दाराच्या फटीत फुटतो! त्याला हा पलटणीतला माणूस कशाला?"

मला पटलं. नारळी पौर्णिमेला नारळावर नारळ आपटून पैज लावणारी माणसं आम्ही. आमच्यात फोडायची वस्तू एकच. मी म्हटलं, "धर्मा, याच्या तोंडात नारळ बसला पाहिजे!"

"मग असा बोल ना!"

लाकूड धर्माचं, होडीचं उरलेलं सागवान. जबडा माझा. खोटं नाही सांगत, तसा जबडा कारखान्यातल्या साहेबालाही जमला नसता. दाताच्या मागं लोखंडी पट्टी, पाठीला सुकाणूएवढा दांडा. काथ्याच्या मिशा. लाल कोट होडीच्या रंगाचा. पहिला नारळ फोडला तेव्हा कवटीच्या दोन वाट्या झाल्या आणि शिपायाच्या तोंडातून पाणी असं काही वाहिलं की धर्मा म्हणाला, "याला भूक लागली रे!"

रंगाच्या आधी धर्मानं लाकडाला तेल पाजलं. होडीला पाजतात तसं. मुशी मासा असतो ना, त्याच्या काळजाचं तेल. ते लाकडात मुरलं की पाणी शिरत नाही, कीड लागत नाही. आमच्याकडे होडीला तेल लावतात की नाही, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. आणि मी काय म्हटलं असेन? मी, ज्यानं मांजराला अंघोळ घातली तो मी?

"धर्मा, कंजूषपणा नको रे. शिपाई अंगणात उभा राहणार, खारा वारा आहे. आणखी एक हात मार!"

त्यानं मारला. वर मीही मारला.

पार्टीच्या सकाळी आम्ही चौघांनी शिपायाला खांद्यावरून आणून अंगणाच्या मधोमध उभा केला. सुलूला दिसू नये म्हणून वर होडीचं शीड पांघरलं. बाजूला सुरूची फांदी रोवली, तिला दिवाळीचे आकाशकंदील. नारळांचा ढीग लावला. आणि ऊन? दिवसभर कडक ऊन, थेट त्या शिडावर.

दुपारी मुली आल्या. पुढं मिस, मागं कागदी टोप्यांची रांग. रेखा बसस्टॉपपासूनच नाकाला रुमाल लावून होती. अंगणात पाऊल टाकलं, थबकली, आणि तिनं हळूच रुमाल खाली घेतला. हुंगून बघितलं. काही नाही! तिनं रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

सुलूनं लांबून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या सदऱ्याची बटणं तुटायचीच बाकी होती.

मी घसा खाकरला. "मिस, आणि सगळ्या मुलींनो, आता बघा!" असं म्हणून धर्मानं आणि मी शीड खसकन ओढलं.

मुलींनी श्वास रोखून धरले. मला वाटलं, कौतुकानं. मिसच्या डोळ्यांत घळाघळा पाणी आलं. मला वाटलं, सणाचा दिवस, बिचारीला घर आठवलं असेल. तेवढ्यात कुंपणावरून एक मांजर उतरलं. मागून दुसरं. मग आळीतली झाडून सगळी मांजरं आली आणि शिपायाचे बूट चाटायला लागली. मी अभिमानानं म्हटलं, "बघा, मुकी जनावरंसुद्धा सलाम करतायत!"

रेखाचा रुमाल परत नाकावर होता. आता तिच्या दोन्ही बाजूंच्या मुलींचेही रुमाल निघाले.

सुलू माझ्याजवळ आली. पडलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, वास येतोय."

"कसला?"

"मासळीचा. शिपायाचा."

मी शिपायाच्या पोटाला नाक लावलं. काही नाही. हिराला बोलावलं. तिनं हुंगलं. "मना तर काय येत नाय." धर्मानं हुंगलं. "हा? हा काय मासळीचा वास हाय? हा तर होडीचा वास!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळं अंगण धुतलं, घर धुतलं, मांजर धुतलं. राहिलं काय? आम्हा मोठ्यांची नाकं! जन्मभर त्या तेलात मुरलेली. महिनाभर वास घालवला आणि मग तोच पुरुषभर उंच करून, रंग देऊन, मधोमध उभा केला!

रेखा फाटकाकडे वळली. तिच्या मागं दोघीतिघी. पोरीनं माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि मी तिची अब्रू चार खांद्यांवरून वाजतगाजत आणून घालवली होती.

पण सुलू बघा! तिनं एक नारळ उचलला, शिपायाच्या जबड्यात कोंबला आणि दांड्याला सगळ्या अंगानिशी लोंबकळली. कडाक! पाण्याचा फवारा थेट मिसच्या टोपीवर.

"रेखा," सुलू ओरडली, "तू फोडतेस का? की तुला जमणार नाही?"

रेखा थांबली. 'जमणार नाही' हे कोणाला सहन होतं? ती तणतणत परत आली. एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं दांडा ओढायला लागली. दांडा हलेना. नारळाचा दांडा तो, दोन हात मागणारच! तिनं एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा सुलूकडे. आणि नाक सोडलं.

कडाक!

"झकास!" रेखाच किंचाळली. "अजून एक! मी फोडणार!"

मग काय विचारता? दांड्यासाठी रांग लागली, मारामारी लागली. अक्रोडांची पुडी मिसच्या हातात तशीच राहिली. नारळ संपले तेव्हा हिरा पदर खोचून आळीत ओरडत गेली, "नारळ द्या गो, पोरींना नारळ द्या!" आणि घराघरांतून नारळ आले. ओलं खोबरं, गूळ, मिसनी आणलेला केक, सगळं एकाच परातीत! त्या दिवशी वेसाव्यात कोणाच्या आमटीला खोबरं मिळालं नसेल.

निघताना मिसनी पर्समधून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. उघडतो तर तोच शिपाई! लाल कोट, पांढऱ्या मिशा, सगळं तेच. पण वीतभर!

"हा माझा," मिस म्हणाल्या. "मुलींना दाखवायला आणला होता. आता तुमच्याकडेच राहू दे."

मी हातातल्या शिपायाकडे पाहिलं, अंगणातल्या शिपायाकडे पाहिलं आणि विचारलं, "मिस, हे त्याचं पिल्लू का?"

मिस मोठ्यानं हसल्या. बस येईपर्यंत हसत होत्या, धर्मा सांगतो.

दुसऱ्या दिवशी सुटीआधीची शेवटची शाळा. मुशीचं तेल एकदा हाताला लागलं की साबणाला दाद देत नाही. मोठ्या सिस्टर वर्गाच्या दारात आल्या, आणि तिथंच थांबल्या. "कोण आलं आहे मासळीचा वास घेऊन? उभी राहा!"

सुलू उभी राहणार, एवढ्यात तिच्या आधी रेखा उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग अख्खा वर्ग. शेवटी टेबलामागं मिसही उभ्या राहिल्या.

सुलूनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मला हुंदका आला. हिरा म्हणाली, "आता रडायला काय झाला?" पण तीही डोळे पुसत होती. असा बाप आणि अशी लेक, सांगा कुठं आहे का दुसरीकडे?

पिल्लू फळीवर आहे, ते बघा. मोठा अजून अंगणात उभा असतो. सुलू दर ख्रिसमसला मुलाबाळांना घेऊन येते. रेखाही येते तिच्याबरोबर, हो! दोघी फाटकातच म्हणतात, "बाबा, अजून वास येतो हं त्याला!"

त्या म्हणतात म्हणून परवा मी जवळ जाऊन नाक लावून बघितलं. चांगला मोठा श्वास घेतला. काही नाही! म्हणजे तेल सुकलंय, दुसरं काय? उद्या धर्माला बोलावलंय, एक हात मारून घेतो.