शांताबाईच्या नावावरच्या तीन नोंदी

भूत-बित मी मानत नाही, हे पयलेच सांगून ठेवतो. गावात कोणाच्या अंगात आलं की लोकं हात जोडत, मी बिडी पेटवून बाजूले होत असो. बायको गेली तवा दहाव्याले कावळा शिवेना, सगळे उन्हात ताटकळले, तं मीच म्हटलं, "त्याले भूक नसन, चला घरी." असा माणूस मी. तरी हे सांगतो हाये... कारण हे माझ्या डोळ्यासमोर झालं, अन् दिवसाढवळ्या झालं.

शिक्षण चौथीपर्यंत. हे मी लिहीत नाही, मोबाईलपुढं बोलतो, तो लिहिते. मंग माही पोरगी वंदना चुका काढून देते. आमचं गाव मेहकर तालुक्यात, डोणगावपासून थोडं आत. नाव सांगत नाही, लोकांले उगाच ताप.

गावाले प्यायच्या पाण्याची एकच विहीर, नाल्याच्या काठावर. तिच्यावर तिघांच्या शेताच्या मोटारीही हायेत, त्यातली एक माही. दर उन्हाळ्यात भांडणं व्हायची. म्हणून बायांच्या पाणी समितीनं नियम केला — रोज सकाळी दोरी सोडून पाणी मोजायचं. काठापासून पाण्यापर्यंत वीस गाठी दोरी लागली, की मोटारी बंद. मंग राह्यलेलं पाणी फक्त प्यायले.

मोजायचं काम शांताचं, म्हणजे माझ्या बायकोचं. दोरी तिनं स्वतःच बनवली होती. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, दर हाताले एक गाठ, दर पाचव्या गाठीले लुगड्याची लाल चिंधी. खाली लोखंडाचा तुकडा. दोरी झिजली तवा मी म्हटलं, दे, नवी बनवून देतो. तं म्हणे, "राहू द्या. तुमचा हात लांब अन् अक्कल तोकडी." मी चेष्टाच समजलो.

वंदना पुण्याले कॉम्प्युटरच्या कंपनीत हाये. मागच्या पोळ्याले आली तवा तिनं विहिरीसाठी मोबाईलवर एक पान बनवून दिलं. त्यात विहिरीचं चित्र. आकडा टाकला की चित्रातलं निळं पाणी वर-खाली सरके. खाली नोंद करणाराचं नाव येई. कोणीही घरी बसून पाहावं. शांताले लय नवल.

"कावं वंदे, हे पाणी मोबाईलमंधी येते कुठून?"

"आई, हे पान म्हणजे दुकानाचं काउंटर समज. माल इथं नसते, मागच्या गोदामात असते. तू आकडा टाकला की पान चिठ्ठी घेऊन गोदामात जाते, तिथल्या वहीत लिहिते. अन् वहीत जे असन तेच आणून तुले दाखवते. वहीत नाही ते इथं दिसत नाही."

"अन् रेंज नसली तं?"

"तं चिठ्ठी मोबाईलमंधीच थांबते. रेंज आली की जाते."

वंदनाचं हेच तं काम — समोरचं पान अन् मागचं गोदाम जोडून देणं. मायलेकी त्या दिवशी लय हसल्या. मले तेव्हा त्यात काही घेणं-देणं नव्हतं.

मार्गशीर्षात शांता गेली. ताप आला, दवाखान्यात चार दिवस होती. तिथंही विचारे, "आज किती गाठी?" मी म्हटलं, नऊ. ती माझ्याकडे पाहत राह्यली, मंग म्हणे, "मोजलं नाही तुमी. तोंडावरून समजते. खोटं नका सांगू." खरंच मोजलं नव्हतं. तिले सोडून विहिरीवर कोण जाईन? पण तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेच... पाण्याचं.

तिचा मोबाईल बंद करून, तिच्या दोरीसोबत लोखंडी पेटीत ठेवला. कुलूप लावलं, किल्ली करदोड्याले बांधली. ती दोरी हातात धरवत नव्हती मले. मी नवी दोरी घेतली, माझ्या हातानं गाठी मारल्या, अन् रोज सकाळी मोजायले लागलो. मोबाईलवर आकडाही टाको, माझ्या नावानं.

फागुनात पाणी उतरू लागलं. माही दोरी म्हणे सोळा गाठी. सरूबाई म्हणून शेजारीण हाये, समितीतली, बोलायले तिखट. ती हंडा घेऊन उभी होती.

"भाऊ, माहा बादलीचा दोर पुरून नाही राह्यला, अन् तुमचा आकडा अजून सोळाच?"

"तुले खोटं वाटत असन तं तूच मोज."

तिनं मोजलं. सोळाच. तरी म्हणे, "वहिनी होती तवा शंका येत नव्हती. आता मोटारवालाच मोजते म्हणून म्हटलं."

ते मले लागलं. माह्या शेतात भुईमूग उभा होता, हे खरं. पण आकड्यात मी लबाडी केली नव्हती.

घरी आलो, चहा पेलो, ओट्यावर बसून मोबाईल उघडला. चित्रातलं पाणी सोळावर होतं. मी पाहून राह्यलो होतो, अन् ते हळूच खाली सरकलं. मी बोटही लावलं नव्हतं. खाली अक्षरं आली —

नोंद : शांताबाई. गाठी १८.

वंदनाले फोन लावला. तिनंही ते पान उघडून पाह्यलं. मंग म्हणे, "बाबा, आईचा मोबाईल कोणाजवळ हाये?"

"पेटीत. बंद."

"मंग एखादी जुनी चिठ्ठी अडकली असन कुठं. पाहते मी. तुमी मनाले लावून घेऊ नका."

मीही तेच धरलं. तीन दिवसांनी माही दोरी म्हणे सतरा. मी सतरा टाकले. चहा होईपर्यंत पाणी खाली सरकलं. शांताबाई, १९.

आता वंदना घाबरली. दिवसभर ती वहीच तपासत होती, ऑफिसातल्या दोघांले दाखवली. संध्याकाळी तिचा फोन आला, आवाज बसलेला.

"बाबा, जुनी चिठ्ठी असूच शकत नाही. हे पान बनलं पोळ्याले, आई गेली मार्गशीर्षात. तेवढ्या दिवसात पाणी नऊ गाठींच्या खाली गेलंच नव्हतं. अठरा-एकोणीस तिनं टाकलेच नाहीत कधी."

"मंग कोणी वात्रटपणा करत असन तिच्या नावानं."

"तिच्या नावानं आत शिरायचं तं तिच्या सिमवर नंबर येते. सिम तं मी कवाचं बंद केलं. अन् दर नोंदीसोबत लिहून असते, कोण्या मोबाईलवरून आली. या दोन नोंदींपुढं ती जागा कोरी हाये. वहीत ओळ हाये, बाबा... पण चिठ्ठी आणणारं कोणी नाही."

तिनं कुलपं बदलली म्हणे, म्हणजे कॉम्प्युटरमधली. मले राग येत होता. जिवंतपणी माही चूक काढे, आता मेल्यावरही दोन-दोन गाठी वर?

चार दिवसांनी माही दोरी अठरा म्हणाली. घरी येऊन मी चहा ठेवलाच नाही, मोबाईल समोर घेऊन बसलो. पाणी सरकलं.

शांताबाई. २०.

उठलो अन् पेटी उघडली. मोबाईल थंडगार, मागून फुगलेला. तो काय चिठ्ठ्या पाठवते! मंग तिची दोरी काढली. ओट्यावर लांब पसरवली, बाजूले माही. टोकाले टोक लावलं. माही अठरावी गाठ जिथं आली, तिथंच तिची विसावी.

माझा हात तिच्या हातापेक्षा लांब. एवढंच. सरूबाईनं मोजलं तेही माह्याच दोरीनं. तीन महिने मी आख्ख्या गावाले दोन गाठी पाणी जास्त दाखवत होतो, अन् मोटारी सुरू होत्या.

तशीच तिची दोरी घेऊन विहिरीवर गेलो. बाया रांगेत होत्या. दोरी सोडली, गाठी मोजल्या, तिसरी चिंधी गेली, चौथी काठाले लागली अन् खाली लोखंड पाण्याले टेकलं. मी काठावरच बसलो.

सरूबाई म्हणे, "काय झालं भाऊ?"

"वीस. मोटारी बंद."

पयलं फ्यूज माह्याच मोटारीचं काढलं. दुसरा मोटारवाला भांडायले आला, "काका, सकाळी तं अठरा सांगत होते!"

"सकाळी मी गाढव होतो."

तो हसला, मंग त्यानंही आपलं फ्यूज काढलं. माहा भुईमूग वाळला. पण जेठ सरेपर्यंत विहिरीनं गावाले पाणी पाजलं, तळाशी दोन हंडे राह्यले तरी.

त्या दिवसापासून मी तिच्याच दोरीनं मोजतो. अन् त्या दिवसापासून तिच्या नावाची एकही नोंद आली नाही.

दोरीचं कोडं सुटलं, मान्य. पण ते तिन्ही आकडे वहीत लिहिले कोणं? वंदनाले समजलं नाही, तिच्या ऑफिसातल्यांले समजलं नाही. मले तं कुठून समजन.

एक गोष्ट मी वंदनालेही सांगतली नव्हती, आता हे वाचून तिले समजन. श्रावणात विहीर भरली, दोरी पाचच गाठी लागत होती. कोणाचं नुकसान नव्हतं. म्हणून मी मुद्दाम बारा टाकले. खोटा आकडा. अन् ओट्यावर मोबाईल धरून बसलो, दुपारपर्यंत. दुसऱ्या दिवशीही बसलो. चहा निवला, जेवण राह्यलं.

पाणी हललं नाही.

माहं खोटं तिले जिवंत होती तवाही समजे. तिसऱ्या दिवशी मी बारा खोडून पाच केले.

वंदना म्हणते, आईचं नाव त्या पानावरून काढून टाकू काय. मी म्हटलं, राहू दे. रोज सकाळी मोजून येतो, आकडा टाकतो, अन् घडीभर पाहत बसतो. निळं पाणी मी सांगतलं तिथंच थांबते.