आजाराचं नाव नसलेला पत्ता

सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीबाहेर एक लोखंडी बाकडं आहे. त्याचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे शेजारचा उठला की आपणही हलतो. माझ्या मुलीला सिकलसेल आहे हे कळलं तेव्हा ती सात वर्षांची होती. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, हाडं ठणकतात, आणि आईबाप शेजारी बसून राहतात, एवढंच तेव्हा मला समजलं होतं. बाकीचं सगळं मी त्या बाकड्यावर शिकलो. थंड पाण्यानं आंघोळ घालायची नाही, पाणी सारखं पाजायचं, कोणती गोळी चुकवायची नाही, हे मला तिथे बसलेल्या इतर आईबापांनी सांगितलं.

त्यांचाच पुढे व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. ग्रुप वाढला तसा निकामी झाला. कुणी विचारायचं, लेकराचे डोळे पिवळे दिसून राह्यले, काय करू? त्यावर उत्तर यायच्या आत गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. कामाची गोष्ट पुन्हा शोधायची तर बोट दुखायचं. म्हणून ठरलं की आपली वेबसाइट काढायची. प्रश्न विचारता येतील, उत्तरं जागेवर राहतील.

त्यासाठी आम्ही तिघं शेगावला बसलो. एक निवृत्त नर्स, तिला सगळे सिस्टरच म्हणत. दुसरा तिथल्याच एका लॉजचा मॅनेजर, त्याच्या मुलाला हाच आजार. आणि मी, मलकापूरच्या एका कार्यालयातला कारकून. मॅनेजरनं लॉजची वेबसाइट करून घेतलेली असल्यामुळे या विषयातला तोच पंडित. त्यानं आधीच सांगितलं, नाव एकदा घेतलं की तोच आपला पत्ता, मग लोकांना पुन्हा पुन्हा नवा सांगत बसायचं नाही.

सिस्टरनं सरळ सांगितलं, "सिकलसेल बुलडाणा. आजाराचंच नाव ठेवा. ज्याले गरज हाय तो तेच शोधीन."

मी ताडकन म्हणालो, "ते नाव नको."

कारण मी लपवलं नाही. मुलगी दहावीला होती. शाळेत तिचा खाडा पडला की मी चिठ्ठीत पित्त लिहायचो. नात्यात कुणाला माहीत नव्हतं. एका मुलीचा आजार बाहेर फुटला की तिचंच नाही, तिच्या चुलतबहिणींचंही जुळत आलेलं लग्न मोडतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कार्यालयात कुणी सहज माझा फोन हातात घेतला आणि वर तो पत्ता दिसला तर? सिस्टरला हे सांगताना माझा आवाज चढला. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही लेकरासाठी साइट काढून राह्यले का पाहुण्यांसाठी?" मला तिचा फार राग आला. राग आला याचा अर्थ ती बरोबर बोलत होती, पण ते मला कळायला पुढे दोन वर्षं लागली.

'सोबत' हे नाव पाहिलं तर ते डॉट कॉम, डॉट इन अशा सगळ्या शेपट्यांसकट आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं. मग मीच म्हणालो, आमचं बाकडं. मॅनेजर खूश झाला. सिस्टरसुद्धा हसली, तिची अर्धी नोकरी त्या बाकड्यासमोर गेली होती. नाव गोड होतं यात शंका नाही. कुणालाही त्यातून काही कळणार नव्हतं, आणि मला तेच तर हवं होतं.

नंतरचे दोन तास आम्ही शेपटीवर भांडलो. मॅनेजर म्हणे डॉट कॉमच पाहिजे, लोकांचं बोट आपोआप तिकडेच जातं. सिस्टर म्हणे डॉट ऑर्ग घ्या, कॉम पाहिलं की आपण औषधं विकायला बसलो असं वाटीन. मी डॉट इनवर अडून बसलो. खरं सांगायचं तर मला कोणतंही चाललं असतं. वाद शेपटीवर राहिला म्हणजे नावावर परत येत नाही, एवढीच माझी कारकुनी हुशारी. शेवटी दोघं थकले आणि डॉट इन झालं.

घरी आल्यावर मुलीला मोठ्या कौतुकानं नाव सांगितलं. तिनं विचारलं, "पण बाबा, ज्याले काहीच माहीत नाही तो बाकडं काऊन शोधीन?"

"तुले नाही कळत त्यातलं," मी म्हणालो. तिला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, दुखणं तिचं होतं.

नावावर मी थांबलो नाही. पहिल्या पानावर आजाराचं नाव येऊ दिलं नाही, सगळीकडे 'हा आजार' लिहवून घेतलं. आतली पानं सभासदांपुरती कुलूपबंद केली. सिस्टरनं फार जीव ओतून एक पान लिहिलं, 'ताप आला तर थांबू नका'. या लेकरांचा ताप साधा समजायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तेही आतच. आम्ही जे होतो तेच राहिलो, नवीन कुणी येईना. मी म्हणायचो, थोडे पण आपले.

गेल्या वर्षी मुलीचं रक्त तपासायला गेलो होतो. ती आत गेली आणि मी बाकड्यावर बसलो. शेजारी एक बाई होती, बीबी गावाहून आलेली. धाकट्या मुलीला तपासायला आणलं होतं. मोठा मुलगा गेला, ती म्हणाली. नऊ वर्षांचा होता. मागच्या पावसाळ्यात ताप आला, सगळ्या गावालाच आला होता, म्हणून तीन दिवस घरीच काढले.

"मोबाइलवर किती पाह्यलं भाऊ. बोलून बोलून पाह्यलं, सिकलसेल, सिकलसेल. सगळं इंग्रजी यायचं, नाहीतर मुंबई-पुण्याचे दवाखाने. वाटायचं, आपल्या जिल्ह्यात माह्यासारखी कोणीतरी बाई असंल ना. कोणीच नाही सापडलं."

मी फोन काढला. का काढला ते माहीत नाही, गप्प बसणं जमेना. साइट उघडून कुलूप काढलं आणि सिस्टरचं पान तिच्यापुढे धरलं. पानाच्या डोक्यावर तारीख होती. तिचा मुलगा गेला त्याच्या वर्षभर आधीची. मी ती अंगठ्यानं झाकली.

तिनं ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं. "हे कधीपासून हाय?"

"आत्ताच," मी म्हणालो. "नवीनच केलं."

तिनं मोठा श्वास सोडला. "मग नव्हतंच त्याच्या नशिबात," ती म्हणाली आणि आतून हाक आली तशी मुलीला घेऊन उठली. बाकडं हललं.

आठ दिवसांत मी दोघांना पुन्हा शेगावला बोलावलं. नवं नाव घेतलं, सिकलसेल बुलडाणा, आणि डॉट ऑर्ग, सिस्टर म्हणाली होती तसं. सगळी कुलपं काढली. मॅनेजरनं विचारलं, आता पाहुण्यांचं काय? बीबीच्या बाईबद्दल मी दोघांनाही सांगितलं नाही. सिस्टरला मी तोंड दाखवू शकत होतो ते ती गोष्ट तिला माहीत नव्हती म्हणूनच.

पानं नव्या पत्त्यावर नेताना प्रत्येकाची तारीख विचारली जात होती. बाकी सगळ्यांना जुनी ठेवली. तापाच्या पानाला त्या दिवशीची नवी टाकली. बीबीची बाई कधीतरी ते शोधील आणि तिला ते आता सापडेलही. जुनी तारीख वाचून तिचं काय होईल, असं मी मनाला सांगितलं. पण तिच्यासाठी केलं की माझ्यासाठी, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. त्या मुलाचा ताप आणि माझा हट्ट यांच्यामध्ये फक्त एक नाव होतं, आणि ते मी ठेवू दिलं नव्हतं.

संध्याकाळी मुलीनं नवी साइट उघडली. पत्ता वाचून माझ्याकडे पाहिलं. मग एकेक पान पाहत खाली गेली आणि थांबली.

"बाबा, हे तापाचं तर जुनं हाय ना? मंग तारीख आत्ताची काऊन?"

"कम्प्युटरनं टाकली असंल," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली. शाळेतल्या पित्ताच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं तिनंच नेऊन दिल्या होत्या.