न हलणाऱ्या पोरांचे इक्बालभाई

इक्बालभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका शाळेच्या मैदानावर खुब्जची, म्हणजे अरबी रोटीची, रिकामी पिशवी तोंडाने फुगवत होते. सौदीतल्या अल-खोबरमध्ये प्रत्येक घरात या पिशव्यांचा ढीग साठतो आणि तो शेवटी कचऱ्यातच जातो. इक्बालभाई मात्र त्या गोळा करत. त्यांच्यासमोर पाच मुलं ओणवी होऊन, एकेक हात गवतावर टेकवून निश्चल उभी होती. इक्बालभाई दबक्या पावलांनी त्यांच्या मागे गेले आणि एकाच्या कानाशी त्यांनी ती पिशवी फाडकन फोडली. मी दूर गाडीपाशी उभी होते, तरी किंचाळले. मुलांपैकी टोकाचा एक उडी मारून बाजूला झाला. "पाच यार्ड मागं!" इक्बालभाई आनंदाने ओरडले. "कोण हलला? तू? खलास! तुझ्यामुळं सगळी टीम मागं गेली, बाबा!"

माझा अर्णव तेव्हा माझ्या मागे लपला होता आणि मी गाडीची किल्ली पुन्हा हातात घेतली होती. मुलांच्या कानाशी फटाके वाजवणाऱ्या माणसाच्या ताब्यात पोर द्यायला मी काही वेडी नव्हते. तेवढ्यात ते आमच्याकडे वळले. त्यांनी अर्णवला नखशिखांत न्याहाळलं आणि दोन्ही हात वर केले. "अल्हम्दुलिल्लाह! वहिनी, असा रुंद पोरगा मी कधीपासून शोधतोय!"

मला संताप आला. अर्णव अंगाने थोराड, शाळेत त्यावरून त्याला काय काय ऐकावं लागे ते मला ठाऊक होतं. क्रिकेटमध्ये त्याला सगळे मैदानाच्या टोकाला उभं करत, बास्केटबॉलमध्ये पाणी भरायला लावत. आणि हा अनोळखी माणूस माझ्या तोंडावर त्याला रुंद म्हणत होता. पण मी अर्णवकडे पाहिलं तर तो हसत होता. असा हसलेला मी त्याला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. मी किल्ली पर्समध्ये टाकली.

इक्बाल मुकादम श्रीवर्धनजवळच्या एका गावचे. पेशाने सेफ्टी इंजिनियर, एका कंत्राटी कंपनीत. तरुणपणी गावात कबड्डी खेळलेले. खोबरला आल्यावर अमेरिकन इंजिनियरांच्या मुलांचा फुटबॉल पाहिला. पाय नावापुरते वापरणारा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारा तो त्यांचा फुटबॉल. पहिल्याच दिवशी त्यांना वाटलं, ही तर आपलीच कबड्डी, फक्त कपडे जास्त. मुख्य प्रशिक्षक अमेरिकन होते. बॉल फेकणाऱ्या आणि बॉल घेऊन पळणाऱ्या मुलांना शिकवायला प्रत्येक बाप तयार असे. समोरच्यांना अंगाने अडवून धरणाऱ्या पाच जणांकडे कुणी ढुंकून बघत नसे. इक्बालभाईंनी ते पाच मागून घेतले. "बॉल ज्याच्या हातात, टाळ्या त्याला. आपल्याला घाम," असं ते पोरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकत. कुणाचाही भ्रम राहू देत नसत.

त्यांचं शिकवणं पाहण्यासारखं असे. पाठ सपाट हवी म्हणून ओणव्या मुलाच्या पाठीवर ते माझ्या थर्मासमधला चहा कपात ओतून ठेवत. कप सांडला की चहा आणणारीला, म्हणजे मला, सॉरी म्हणायचं. कोपरं बरगड्यांना चिकटलेली हवीत, म्हणून म्हणत, "काखेत कोंबडी धरलीय समज. कोपर उघडलं की कोंबडी पळाली." पहिलं पाऊल वीतभरच टाकायचं, हात समोरच्याच्या छातीवर मधोमध मारायचे आणि ढकलायचं ते पायांनी. त्यासाठी बासमतीची मोठी पोती मैदानावर आणून ती पोरांकडून रेटून घेत. समोरच्याची जर्सी पकडायला बंदी. पकडली तर दहा यार्ड मागे. "आमच्या कबड्डीत पकडतात, इथं पकडला की गुन्हा," ते मला सांगत. "वहिनी, मला स्वतःला हे शिकायला साल गेलं. हात आपोआप जायचा कमरेला."

आणि सगळ्यात मोठा नियम न हलण्याचा. पाचांतला मधला मुलगा बॉल जमिनीवर धरून ओणवा असतो. तो पायांमधून मागे बॉल देतो, त्याला स्नॅप म्हणतात. स्नॅप होईपर्यंत लाइनीतल्या कुणीही डोळ्याच्या पापणीपलीकडे काही हलवायचं नाही. एक जण दचकला तरी अख्खी टीम पाच यार्ड मागे. समोरचे मुद्दाम ओरडतात, प्रेक्षक भोंगे वाजवतात, तरी हलायचं नाही. अर्णवला इक्बालभाईंनी मधली जागा दिली. "तू बॉल देशील तेव्हाच दुनिया हलेल," त्यांनी त्याला सांगितलं. त्या आठवड्यात अर्णव घरात वेगळाच चालत होता. मी जेवायला हाक मारली तर म्हणे, "वेट, आई. आय विल स्नॅप."

पिशव्यांना पोरं सरावली तेव्हा इक्बालभाईंनी पुढचे प्रकार काढले. थाळीवर डाव आपटणं, गाडीचा हॉर्न, "साप! साप!" अशी बोंब. सेफ्टीच्या नोकरीत आयुष्य लोकांना सावध करण्यात गेलं होतं, त्याचा वचपा ते इथे काढत असावेत. शेवटचं अस्त्र म्हणजे त्यांचं पडणं. मुलांसमोर येरझाऱ्या घालता घालता ते मध्येच "या अल्लाह!" म्हणून धाडकन आडवे होत. पहिल्यांदा तसे पडले तेव्हा पाचही पोरं धावली आणि ते गवतावर पडल्या पडल्या खदाखदा हसत म्हणाले, "पाच यार्ड, पाच यार्ड, पाच यार्ड! सगळ्यांचे मोजा!" त्यांना टक्कल होतं आणि त्याची भारी लाज होती. पडतानाही एक हात टोपीवर घट्ट असे. आम्ही आया कडेला बसून त्या हातालाच हसत असू.

हिवाळ्यात एक सामना झाला. समोरच्या टीमच्या कुणा पालकाने नेमका स्नॅपच्या आधी भोंगा वाजवला. त्यांचीच दोन पोरं उडाली. आमची पाच जागच्या जागी. इक्बालभाई कडेला उभे होते, त्यांनी माझा हात पकडला आणि मग वहिनीचा हात पकडला हे लक्षात येऊन चटका बसल्यासारखा सोडला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "बघा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर महिनाभराने, गुरुवारच्या सरावाला, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, थोडं आधी, ते पडले.

पोरं ओणवी होऊन सज्ज होती. इक्बालभाई त्यांच्यासमोरून चालत होते, काहीतरी बोलत होते, आणि बोलता बोलता आडवे झाले. माझ्या शेजारची बाई हसली. मीही हसले. पोरांनी अर्थातच पापणी हलवली नाही. मग समुद्राकडून वारा आला आणि टोपी गवतावरून घरंगळत गेली. दोन्ही हात त्यांच्या अंगाशी तसेच पडून होते. ते उघडं डोकं मी पाहिलं.

मी धावले. ओरडले काय ते मला आठवत नाही. पलीकडून मुख्य प्रशिक्षक धावत आले, त्यांनी छाती दाबायला सुरुवात केली, कुणीतरी अँब्युलन्स बोलावली. आणि या सगळ्यात ती पाच पोरं तशीच ओणवी होती. हात गवतावर, पाठी सपाट. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात भयंकर दृश्य ते आहे. मरायला टेकलेला माणूस नव्हे, त्याच्यासमोर न हलणारी ती मुलं. "अरे उठा रे! उठा!" मी किंचाळले. चौघांनी माना न वळवता अर्णवकडे डोळे फिरवले. अर्णवचे दोन्ही हात बॉलवर होते, नाकावरून घाम टपकत होता. त्याने मला विचारलं, "आई, इज इट रिअल?"

इक्बालभाई वाचले. डॉक्टरांनी सांगितलं की झटका मोठा आहे, बायपास करावी लागेल. मुंबईला नातलगांत जाऊन करू, असं त्यांच्या घरच्यांनी ठरवलं. पण माझ्या घरातला मुलगा मात्र वाचल्यासारखा वाटेना. रडला नाही. बॉल गाडीच्या डिकीत पडून होता, त्याला हात लावेना. त्याच्या बाबाने समजावलं, मी समजावलं, डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. त्याचं एकच उत्तर. "मी स्नॅप दिला नाही म्हणून कुणी हललं नाही. सगळे माझ्यासाठी थांबले होते." बारा वर्षांच्या पोराने आपल्या हातून माणूस मरता मरता राहिला असं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. शेवटी त्याला घेऊन मी हॉस्पिटलमध्ये गेले. म्हटलं, जिवंत माणूस डोळ्यांनी पाहील तर सुटेल.

इक्बालभाई उशीला टेकून बसले होते, नळ्या लावलेल्या, डोक्यावर टोपी. शेजारी त्यांची बायको, सलमाभाभी, संत्रं सोलत होती. मला पाहताच इक्बालभाईंनी जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "वहिनी, खरं सांगा. पोरं हलली?"

"नाही," मी म्हटलं.

"एक पण नाय?"

"नाही."

त्या माणसाचा चेहरा उजळला. अक्षरशः उजळला! वयाचा, आजाराचा विचार न करता एक ठेवून द्यावी असं मला वाटलं. सलमाभाभीने कपाळावर हात मारला. "या माणसाला काय म्हणायचं? मौतीच्या दारात गेला नि पाच यार्ड मोजतोय."

मग त्यांना माझ्या मागे उभा असलेला अर्णव दिसला. त्याचा चेहरा त्यांनी पाहिला आणि हसू जागच्या जागी मावळलं.

"इकडं ये," ते म्हणाले. "मी मुंबईला चाललोय, मोठ्या ऑपरेशनला. आमच्यात असं निघताना माणूस सगळ्यांची माफी मागून निघतो. काय बोललो-चाललो असेन ते माफ करा म्हणून. सकाळपासून फोन लावतोय. तुमच्या त्या अमेरिकन कोचची पण मागितली, त्याला मराठीत गाढव म्हणायचो म्हणून. तुझी राहिली. मी तुला चुकीचं शिकवलं, बाळा. मला माफ कर."

"इट्स ओके, कोच."

"ओके नाय. तोंडानं म्हण. माफ केलं म्हण."

अर्णव जमिनीकडे पाहत राहिला. "मी कसं म्हणू? मिस्टेक माझी होती. आधी तुम्ही मला म्हणा."

"तुझी चूकच नाय, तर माफ काय करू?"

"मग तुमची पण नाही."

"अरे माझी हाय रे!"

"नो."

दोघंही हट्टी. एक उशीला टेकलेला, एक कॉटच्या दांडीला धरून उभा, दोघं आपापली चूक सोडायला तयार नाहीत. नर्स आली, वेळ संपली. दारातून मी वळून पाहिलं तर इक्बालभाई तिथूनच म्हणाले, "बरं बाबा, राहू दे. परत आलो की बघू."

ते परत आले नाहीत. ऑपरेशन झालं आणि त्यातून ते उठलेच नाहीत. सलमाभाभीच्या दिराचा मेसेज आला तेव्हा मी पोह्यांवर पाणी शिंपडत होते. मी शिंपडतच राहिले, पोह्यांचा लगदा झाला. खोबरमधून निघताना तो माणूस बायकोची बॅग स्वतः उचलायला बघत होता. मला त्यांचं जाणं खरंच वाटेना, अजूनही पुरतं वाटत नाही.

अर्णवला सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. "मी म्हटलंच नाही ना," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आई, आता म्हटलं तर चालतं?"

मला काय माहीत असणार त्यांच्यातलं? मी सलमाभाभीच्या त्या दिराला, युसूफभाईंना फोन लावला. मय्यत गावी नेली होती, मागे माणसांचा आवाज येत होता. मी चाचरत विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, वेळेवर फोन केलात. दफनाला नेण्याआधी आता तेच विचारणार आहोत." त्यांनी फोन चालू ठेवला. मग त्यांचा मोठा आवाज ऐकू आला. माझ्या भावाकडून कुणाला काही उणं-अधिक बोललं गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर त्याला माफ करा.

"माफ केलं, माफ केलं," असे पुष्कळ आवाज आले. मग युसूफभाई फोनजवळ आले. "बोल, बेटा."

आमचा अर्णव घरात मराठीत विचारलं तरी निम्मं उत्तर इंग्रजीत देतो. तो फोनवर वाकला आणि स्पष्ट म्हणाला, "कोच, माफ केलं." मग श्वास घेऊन, "तुम्ही पण मला माफ करा."

मेलेला माणूस काय उत्तर देणार? मी फोन बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात एक थकलेला, थरथरता आवाज आला. कुणाचा ते मला कळलं नाही.

"कोण पोरगा हाय तो? मी इक्बालचा बाप. त्याच्या वतीनं सांगतो. केलं रे बाळा. केलं."

मग माणसं खांदा द्यायला पुढे झाली असावीत, कारण सगळे एकदम कलमा म्हणू लागले आणि फोन बंद झाला. अर्णव त्या बंद फोनकडे पाहत राहिला, आणि मैदानावरच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा मोठमोठ्याने रडू लागला.