टिकलीखालचा दिवा

गॅरेजमध्ये माझी गाडी अजून व्हायची होती, म्हणून शेजारच्या पिकअपचं काम बघत बसलो होतो. मेकॅनिकने स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला. पडद्यावर बिघाडाचे कोड एकाखाली एक उमटले.

"काका, हे बरंच जुनं दुखणं आहे. इंजिनचा दिवा दिसला नाही का तुम्हाला?"

पिकअपवाल्याने मीटरच्या काचेकडे बोट दाखवलं. दिव्यावर नेमकी एक मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती.

"बायकोने लावली. डोळ्यांत खुपतो म्हणाली." मग म्हणाला, "दिवाळीत गेली ती. पोटात गाठ होती. कधी बोललीच नाही."

इंजिनाला काय होतंय ते विचारायला निदान स्कॅनर जोडायची एक जागा तरी ठेवलेली असते. घरच्या माणसाला आपण जाता जाता "बरं आहे ना?" विचारतो. ते "हो" म्हणतं, आणि खरं तर आपल्याला तेवढंच ऐकायचं असतं.

दुरुस्ती झाली. मेकॅनिकने टिकली नखाने काढली. खालचा दिवा विझला होता.

"आता झाकायला काही उरलं नाही, काका."

"असू दे," म्हणत त्याने टिकली मागून घेतली. तिचा गोंद वाळला होता. ती सारखी गळून पडत होती आणि तो विझलेल्या दिव्यावर ती अंगठ्याने दाबून धरत होता.