लिनकाकांचा ऊलाँग

सहा आठवड्यांपूर्वी बेसिंगस्टोकच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना ग्रेसचा मेसेज आला, ‘बाबा आज सकाळी गेले.’ ग्रेस म्हणजे आमच्या शेजारच्या लिनकाकांची मुलगी, ब्रिस्टलला राहणारी. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही... शरम वाटली. का, तेच लिहायला बसले आहे.

लिनकाका मूळचे चीनमधल्या फूजियानचे, साउथहॅम्प्टनच्या बंदरात क्रेन चालवून रिटायर झालेले. पुण्याहून आम्ही इथे इंग्लंडला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात आमचा बॉयलर बंद पडला, तेव्हा न सांगता हीटर उचलून दारात आले होते. पुढे दर रविवारी दुपारी मला चहाला बोलवायचे. तिएग्वानयिन हा त्यांच्या गावाकडचा ऊलाँग चहा, जुन्या पद्धतीने कोळशाच्या मंद आचेवर भाजलेला. घट्ट वळलेल्या गोळ्यांवर गरम पाणी पडलं की हळूहळू अख्खं पान उलगडायचं. पहिलं पाणी ते ओतून द्यायचे. “पानांना जागं करायला,” म्हणायचे. मी दोन घोट घेऊन फोन बघायचे. खरं सांगते, दूध-आल्याशिवाय चहा मला चहा वाटतच नसे.

गेल्या वर्षी त्यांनी मला एक सीलबंद डबा दिला. “माझ्या भावाने भाजलेला आहे. तो आता नाही. दोनच डबे उरलेत, एक तुझा.” मी थँक्यू म्हणून तो कपाटात ठेवला. महिन्याभराने आमच्या मॅनेजरचा लीव्हिंग डू, म्हणजे निरोपाची पार्टी होती, गिफ्ट आणायचं राहून गेलं होतं... आणि डबा दिसायला सुंदर होता.

मग काका आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तर म्हणाले, “माझा डबा संपला. तुझ्यातला थोडा उरला असेल तर एकदा करून आणशील?”

“हो, आहे ना,” मी म्हणून बसले.

कार पार्कमधूनच मॅनेजरला फोन केला. घर बदलताना त्याने तो डबा न उघडताच चॅरिटी शॉपला देऊन टाकला होता. दुसऱ्या दिवशी मी सुपरमार्केटमधल्या ऊलाँगचा चहा थर्मासमध्ये भरून नेला. काकांनी एक घोट घेतला आणि कप तसाच ओठांशी धरून थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनी शांतपणे सगळा कप संपवला.

“छान केलास,” म्हणाले. एवढंच. ज्या माणसाने जन्मभर तो चहा प्यायला, त्याला कळलं नसेल?

फ्युनरलला ग्रेसने मला मिठी मारली. “बाबांनी फोनवर सांगितलं मला, तू त्यांना त्यांच्या भावाने भाजलेला चहा पाजलास. आम्ही कधी विसरणार नाही.” म्हणजे लेकीपाशीही त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. आणि मी तिथेही नुसती मान हलवली.

गेल्या रविवारी अखेर मी ग्रेसला फोन करून सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “हे तू बाबांना सांगायला हवं होतंस.”

मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला.