पेशकारचाचांची नाव

एकदा ठरवलेली गोष्ट सोडून देणं आमच्या घरमालकांना जन्मात जमलं नाही. धाराशिवच्या कोर्टात ते पेशकार होते, न्यायाधीशापुढं कागद मांडणारे; म्हणून सगळ्यांचे पेशकारचाचा. निजामी गेली, कोर्टातली उर्दू गेली, चाचाही पेन्शनीत निघाले. पण ‘फैसला झाला’ हे शब्द त्यांच्याबरोबर घरी आले. पावसाळ्यात छत्री न घेण्याचा फैसला झाला, की ताप येईपर्यंत भिजले तरी त्यावर अपील नसायचं.

त्यांच्या बैठकीत एक जुनं तैलचित्र होतं: संध्याकाळची नदी, घाट, पाण्यात एक नाव. गाव सोडून निघालेल्या कुण्या अंमलदाराच्या सामानातून चाचांनी ते चाचींसाठी घेतलेलं. चाची गोदाकाठच्या. आमच्या कोरड्या मुलखात आल्या आणि विहिरीचं पाणी शेंदता शेंदता म्हाताऱ्या झाल्या. दिवेलागणीला कंदील पेटला, घरातल्यांचे एकमेकांना सलाम झाले, की त्या चित्रासमोर बसायच्या. ते त्यांचं माहेर होतं.

त्याच कंदिलाच्या काजळीनं नदी काळी पडली. “आता माहेरबी दिसंना, मास्तर,” चाची मला म्हणाल्या, आणि त्यांचं बोलणंच कमी झालं. चित्र साफ करण्याचा फैसला झाला. मी म्हटलं, जाणत्या माणसाला दाखवा. “कपड्याचा मळ निघतो, मग काजळी निघत न्हाय व्हय?” म्हणत चाचांनी धुण्याचा सोडा कालवला. घाट उजळला, पाणी उजळलं, आणि नाव फडक्यात आली!

चाचांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग रंगाच्या डब्या आणून ते स्वतःच नाव काढायला बसले. पण त्यांनी खरी नाव पाहिली होती कुठं? आमच्याकडं ओढ्याला पूर आला, की लोक गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसून पलीकडं जातात. चाचांनी तीच काढली, कड्यांसकट.

चाची तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “मास्तर, बसवा ह्यांना हिच्यात. पैल जाऊस्तोवर गूळ हुईल ह्यांचा!” पुढं रोज दिवेलागणीला त्या हसायच्या आणि चाचा ठणकावून सांगायचे, “नावच हाय ती.”

पुढं माझी बदली झाली. चाची वारल्याचं कळल्यावर मी चाचांना भेटायला गेलो. सोलापूरचा एक चित्रकार माझ्या ओळखीचा होता. म्हटलं, “चाचा, नाव नीट करून घेऊ.”

“हात लावायचा न्हाय. हिला बघून हसत होती ती,” चाचा म्हणाले. मग हळूच म्हणाले, “फैसला झाला.”

त्यांनी कंदील पेटवला. सवयीनं हात कपाळाशी नेत स्वयंपाकघराच्या दाराकडं वळले आणि तसेच थांबले. मला राहवलं नाही. मीच त्यांना सलाम केला.