बटन माझ्या हाताखाली होतं

तिचा आवाज माईकवर बसत नव्हता, असं मी वीसेक वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते.

तेव्हा मी देऊळघाटच्या एका बँडात गायचो, आणि तेही बाईच्या आवाजात. लग्नाच्या बँडात दोघांचं गाणं असलं की एक नवऱ्याकडून म्हणतो, एक नवरीकडून, आणि दोघंही मिशीवाले. नवरीकडून मी. डोळे मिटून ऐकणारे चार गावचे लोक फसायचे, याचा मला भारी गर्व होता.

तेव्हा शेतोशेती बीटी कपाशी होती. एका साली ते पीक हातचं गेलं, लग्नं पुढं ढकलली गेली, आमचे ढोल खुंटीला लागले. अशात अमडापूरच्या बायकांच्या बचत गटानं गटाच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीला बोलावलं. अट एकच: बाईचं कडवं बाईच म्हणणार. गटातल्याच कापूस वेचणाऱ्या एकीनं मिरवणुकीसाठी सवालजवाबाचं गाणं रचलं होतं, आणि बाईचं कडवं तीच म्हणणार होती. माझ्याकडं पुरुषाचं कडवं आलं, आणि तेच मला जमेना.

तालमीला ती वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला तशीच बांधून आली. आवाज जाडा, पोटातून येणारा. क्लॅरनेट वाजवणारे आमचे उस्ताद पान चघळायचे थांबले. मिरवणुकीत जमलं तर बाईला बँडात कायमची घेतो, असं सगळ्यांदेखत म्हणाले. मिरवणुकीला ती नव्या चपला घालून आली.

मी सवाल टाकला, घर टाकून काऊन चालली? तिनं "घर माह्यासंगंच चाललं" असं काही म्हटलं, की माडीवरच्या बायका खाली उतरल्या. ठेल्यावरच्या ॲम्प्लिफायरची बटनं माझ्या हाताखाली होती. दुसऱ्या कडव्याला मी तिच्या माईकचं बटन शून्यावर नेलं आणि तिची ओळ माझ्या बारीक आवाजात उचलली.

ती थांबली नाही. माझा माईक हातासकट ओढून माझा सवाल तिच्या जाड्या आवाजात टाकला आणि माईक परत माझ्या तोंडापुढं धरला. मी मिशीसकट लाजत उत्तर दिलं. बायका हसून हसून रस्त्यातच बसल्या. पुढं चौकाचौकात तसंच म्हणावं लागलं.

संध्याकाळी उस्तादांनी विचारलं, हे उलटं करायचं डोकं कोणाचं बे? माझं, म्हणालो. आणि मधेच बाईचा आवाज कुठं गेला? तो माईकवर बसत नाही, म्हणालो. तिला परत कोणी बोलावलं नाही. मी मात्र पुढं कैक लग्नांत दोन्ही आवाज एकट्यानं काढून टाळ्या घेतल्या.

मागच्या महिन्यात शेगावच्या स्टेशनवर ती भेटली. गाडीला वेळ होता. मी सगळं सांगून टाकलं. तिनं पिशवीतलं संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.

"बटन मले तवाच दिसलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "आठ दिवस उस्तादाच्या निरोपाची वाट पाह्यली. मंग नव्या चपला काढून ठेवल्या अन् वेचणीले गेली."

मी फोड हातातच धरली. माफ करा, म्हणालो.

"माफी कायची? लेकीचं लग्न हाय. या, अन् बाईचं कडवं तुम्हीच म्हना, साडी नेसून. बटन माह्या हाताखाली राहीन."

मी हो म्हणून बसलोय. आरशापुढं तालीम चालू आहे, आवाज आता वर चढत नाही. मिशी ठेवायची की काढायची, ते विचारायचं राहून गेलं.